कारणासहित नापास

एकोडी गावातली पोरं हर्षाला लहानपणी 'काहून' म्हणून हाक मारत. वीज गेली की लाइनमन डीपीपाशी यायचा, वर बघायचा, "फॉल्ट आहे" म्हणायचा आणि मोटरसायकलला किक मारायचा. जमलेली माणसं माना डोलवून घरी जायची. हर्षा मात्र त्याच्या मागे धावायची. कोणता फॉल्ट? कुठं? काहून झाला? लाइनमन वैतागायचा. "श्यामरावची पोरगी होय ना तू? थांब, तुझ्या बापालेच सांगतो." बापाला सांगून काही उपयोग नव्हता. लाइनमनलाही ते माहीत होतं.

आठवीत गणिताचा पेपर परत आला. एका उदाहरणावर पानभर तांबडी फुली. हर्षा तो पेपर घेऊन मास्तरांच्या घरी गेली. मास्तर जेवायला बसले होते.

"सर, चुकलं ते समजलं. कुठं चुकलं ते नाही समजलं."

मास्तरांनी हात धुतला. पेन घेतला आणि तिसऱ्या पायरीवर एक बारीकसा गोल काढला. उणे चिन्ह सुटलं होतं. बस्स, एवढंच. पुढचं तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. पण घरी येताना तिच्या डोक्यात वेगळंच काही चाललं होतं. फुली काढायला मास्तरांना जेवढा वेळ लागला असेल, तेवढाच गोल काढायलाही लागला होता. मग त्यांनी आधीच गोल का काढला नाही?

साकोलीच्या कॉलेजात ती संगणक शिकली. नागपूरच्या एका लहानशा कंपनीत लागली. कोरोनात सगळ्यांसारखी घरी आली. सगळे परत गेले, ती राहिली. माडीच्या खिडकीत मोबाइलला बऱ्यापैकी रेंज यायची. तिथं तिनं टेबल टाकलं आणि कंपनीचं काम घरूनच सुरू ठेवलं.

आई चंद्रकलाबाई सुरुवातीला तिच्या खुर्चीमागे उभी राहून बघायची.

"तू करतेस तरी काय दिवसभर?"

"आमच्या कंपनीतला कुलदीप प्रोग्राम लिहिते. मी त्या प्रोग्रामले प्रश्न विचारनारे लहान-लहान प्रोग्राम लिहितो. ते रोज सकाळी आपोआप चालतात. उत्तरं बरोबर आली तर हिरवं. एक चुकलं तर लाल."

"म्हंजे मास्तरीन झाली तू."

"हाव. पन माया वर्गात एकच पोट्टा आहे, आन तो रोज नवीन चुका करते."

तो एकच पोट्टा म्हणजे धान खरेदी केंद्रांसाठीचा प्रोग्राम. काम साधं होतं. शेतकरी धानाचे कट्टे, म्हणजे पोती, घेऊन येतो. मापारी एकेक कट्टा काट्यावर चढवतो आणि मोठ्यानं मोजतो. ऑपरेटर शीटमध्ये भरत जातो, एका खान्यात कट्ट्याचा क्रमांक, शेजारी वजन. संध्याकाळी नेट आलं की शीट चढवायची. प्रोग्राम बेरीज करतो आणि शेतकऱ्याची पावती निघते. मागच्या हंगामापर्यंत ही पावती ऑपरेटर कागदावर, हातानं करत. या दिवाळीपासून कागद बंद होणार होता.

हर्षाची मुख्य चाचणी त्याच बेरजेची होती. तिच्याजवळ मागच्या हंगामाच्या सगळ्या केंद्रांच्या खऱ्या शीटा होत्या. चाचणी दर सकाळी त्यातल्या मूठभर उचलायची, कोणत्याही. प्रोग्रामकडून बेरीज करवायची आणि जुन्या कागदी पावतीशी ताडून बघायची.

दिवाळी तोंडावर आली आणि ही चाचणी अंगात आल्यासारखी वागू लागली. आज लाल. उद्या हिरवी. परवा हिरवी. मग पुन्हा लाल. लाल झाली की पडद्यावर एकच ओळ यायची. इंग्रजीत असायची, पण अर्थ एवढाच: नापास. हवं होतं खरं, मिळालं खोटं.

नागपूरहून भूषण सरांनी व्हिडिओवर दोघांना बोलावलं. भूषण या कामाचा प्रमुख. वयानं फार मोठा नव्हता, पण केंद्रं उघडायची तारीख जवळ आली की तो एकदम वयस्कर दिसायचा.

"हर्षा, ही टेस्ट पागल आहे. काढून टाकू."

"काहून सर?"

"काहून काय? कुलदीपला विचार."

कुलदीप पडद्याच्या कोपऱ्यात डोकं धरून बसला होता. "मी काही बदलवलं नाही तरी लाल. बदलवलं तरी हिरवी. माझी अर्धी जिंदगी चालली तिच्यामागे. बरं, काय झालं ते तरी सांगावं तिनं. खरं पाहिजे होतं, खोटं मिळालं. अरे, कोणाचं खरं, कोणाचं खोटं? कोर्टात आलो का मी?"

हर्षाला हसू आलं नाही. कुलदीपचं बरोबर होतं. चाचणी तिचीच होती.

"काढायच्या आधी तिले बोलू द्या," ती म्हणाली.

"काय बोलणार ती?"

"काय पाहिलं ते."

भूषणनं चष्मा काढला. "केंद्रं उघडून राहिले हर्षा. आणि तू नापास झाल्यावर काय छापायचं, यावर बसणार? ते वाचते कोण?"

"पास झाल्यावर कोण वाचते सर? नापास झाल्यावरच वाचते माणूस."

कुलदीप हसला. भूषण हसला नाही. त्यानं चष्मा पुन्हा चढवला. म्हणाला, "ठीक आहे. एक बार. टेस्ट लाल झाली, आणि कुलदीपचा चहा संपायच्या आत, तुला फोन न करता त्याला कारण समजलं, तर राहू दे. नाही समजलं तर जाते. आणि ही एकच नाही, तुझ्या सगळ्या टेस्टचा विचार करावा लागेल मग. लोकांना वाटते हे काम फुकटचं आहे."

सगळ्या टेस्ट म्हणजे हर्षाचं सगळं काम. तिनं मान हलवली. व्हिडिओ बंद झाला. तिनं केस वर बांधले आणि कामाला लागली.

पहिल्या झटक्यात तिनं जे सुचलं ते सगळं छापलं. पूर्ण शीट. प्रत्येक कट्टा. प्रत्येक पायरीची बेरीज. संगणकाची आवृत्तीसुद्धा. त्या दिवशी सकाळी चाचणी हिरवीच आली होती, म्हणून प्रोग्राम मुद्दाम बिघडवून तो मजकूर तिनं कुलदीपला पाठवला. उत्तर लगेच आलं.

"पहिले मुकी होती, आता बडबडी झाली. पूर्ण पुराण वाचू का? माझा चहा नाही, जेवण थंड होईल."

हर्षाला ते लागलं. पण तिनं ते वाक्य पुसलं नाही. जेवताना, भांडी घासताना ती त्याचाच विचार करत राहिली. लाल दिसल्यावर माणूस घाबरलेला असतो. पहिला प्रश्न त्याच्या तोंडात कोणता येईल? आई कुणाचा अपघात झाला म्हणून ऐकते, तेव्हा गाडी कोणती होती ते विचारत नाही. आधी विचारते, कोण? मग, किती लागलं? मग, कुठं? बाकीचं मागाहून.

तिनं सगळं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. आधी शीट कोणाची, कोणत्या केंद्राची. पावती काय म्हणते, प्रोग्राम काय म्हणतो, फरक केवढा. मग शीटमध्ये वरून खाली येताना जिथं पहिल्यांदा गडबड दिसली तेवढी एकच ओळ, जशी लिहिली आहे तशीच, आणि प्रोग्रामनं तिचं काय केलं ते. शेवटी एक अंक. तो अंक दिला की चाचणी पुन्हा नेमक्या त्याच शीटा उचलेल. म्हणजे आज लाल, उद्या हिरवी हा खेळ संपला. संपूर्ण पुराण वेगळ्या फाइलीत ठेवलं, ज्याला हवं त्यानं उघडावं. आणि भाषा मराठी केली. वाचणारे सगळे इथलेच होते.

मग तिनं प्रोग्रामची एक प्रत घेतली आणि तिच्यात एकेक बिघाड करत सुटली. वजन वाढव. कट्टा गाळ. नाव बदल. प्रत्येक वेळी चाचणी नापास व्हायची आणि हर्षा तिचं म्हणणं वाचायची. पटलं नाही की वाक्य बदलायची. चंद्रकलाबाई चहा घेऊन वर आल्या. पडद्यावर मराठी दिसल्यावर थांबल्या आणि अक्षर लावत वाचू लागल्या.

"कागदी पावतीत आहे तेवढं वजन प्रोग्रामात नाही. एक कट्टा कमी." त्यांनी कप खाली ठेवला. "कोनाचा कट्टा कमी आला वं?"

"कोनाचाच नाही. मी खोटं खोटं केलं."

"असं खोटं खोटं नको करत जाऊ. जीव घाबरते."

हर्षानं त्या वाक्याला हात लावला नाही.

सकाळी चाचणी खरंच लाल झाली. हर्षाला ते सगळ्यात आधी दिसलं. सानगडी केंद्र. गोदावरीबाई यांची शीट. पावतीपेक्षा प्रोग्रामचं वजन चाळीस किलोनं कमी. पहिला फरक पहिल्याच ओळीत. क्रमांकाच्या खान्यात लिहिलं आहे 'लाभ', वजनाच्या खान्यात चाळीस. प्रोग्रामनं ही ओळ मथळा समजून सोडली.

तिनं ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग खुर्चीत मागे टेकली.

खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. तिनं बापाला असं मोजताना ऐकलं होतं, आजोबांना ऐकलं होतं. इतकं ऐकलं होतं की ते कधी कानावर पडलंच नव्हतं. सानगडीचा मापारी लाभ म्हणाला आणि ऑपरेटरनं लाभ लिहिलं. आकडा नाही म्हणून प्रोग्रामला वाटलं हे शीटचं शीर्षक. पहिला कट्टा त्यानं आवाज न करता गिळला. मुठीत सानगडीची शीट आली की लाल, नाही आली की हिरवी.

नागपूरला काही कळवायच्या आधी तिनं स्कुटी काढली आणि साकोलीवरून सानगडीला गेली.

सोसायटीच्या गोदामात बारदान्याच्या थप्प्या लागत होत्या. ऑपरेटर दीपमाला तोंडाला ओढणी बांधून धूळ झटकत होती. हर्षानं मोबाइलवर शीट दाखवली.

"हे तूच लिहिलं ना?"

"हाव जी. काहून?"

"एकाच्या जागी लाभ काहून लिहिलं?"

दीपमालानं ओढणी खाली केली. "भैय्यालालकाका मापारी आहेत ना. ते म्हनले लाभ, मी लिहिलं लाभ. ते म्हनले दोन, मी लिहिलं दोन. मापारी बोलन तेच भरा, आपलं डोकं नका लावू, असंच सांगितलं होतं मले टरेनिंगमंदी."

"सगळ्या शीटात असंच?"

"भैय्यालालकाका होते तवा असंच. तुमच्या घरी एक म्हनतात का जी?"

"नाही."

"मंग?" मग तिचा चेहरा उतरला. "माझी नौकरी तर नाही जानार? कोनाचं नुकसान झालं का?"

"मागच्या वर्षी नाही झालं. पावती तू हातानं केली होती, त्यात कट्टा मोजला होता. औंदा पावती प्रोग्राम करन. आन चूक प्रोग्रामची आहे, तुझी नाही."

"बरोबर लिहिलं म्हना मंग मी."

"ऐकलं ते लिहिलं," हर्षा म्हणाली. "सगळेच तेवढं करत नाही."

त्याच दुपारी व्हिडिओवर कुलदीपनं तो लाल मजकूर वाचला आणि हात वर केले. "नंबरच्या खान्यात शब्द कोण लिहिते?"

"सानगडी लिहिते."

"हा कचरा आहे. या शीटा काढ टेस्टमधून. आणि त्यांना एक लिहायला सांग."

"सांगितलं. पन हंगामात गर्दी झाली की विसरतील. मापारी लाभच म्हनन. मागच्या वर्षी कागद होता म्हनून आपल्याले समजलं. औंदा कागद नाही. ज्याचा पहिला कट्टा जाईल त्याले समजनार पन नाही, आन आपल्याले पन नाही."

कुलदीपनं हात खाली घेतले. भूषणनं विचारलं, "किती केंद्रांवर म्हणतात असं?"

"म्हनतात सगळीकडे. लिहितात किती, माहीत नाही."

"शीटा राहू दे," भूषण म्हणाला. "कुलदीप, प्रोग्राम बदल." मग हर्षाकडे वळला. "पण हे तू शोधलं. तू तिकडची आहेस. माझी अट कुलदीपला समजण्याची होती."

हर्षाला वाटलं होतं की अट आता संपली.  

"हाव," ती म्हणाली. "पुढच्या लाल वेळी. मी फोनवर नसन."

दुसऱ्या दिवसापासून हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या धानाची कापणी होती. ती सुट्टी टाकून आईबापांसोबत शेताच्या बांधीत उतरली. फोन मुद्दाम घरी ठेवला. श्यामराव एका अंगानं कापत पुढे गेले होते. मायलेकी मागून येत होत्या.

"फोन काहून नाही आनला?" चंद्रकलाबाईंनी विचारलं.

"आनला तर कुलदीप फोन करन."

"मंग सांगायचं त्याले काय ते."

"मीच सांगायचं तर चाचनीनं काय करायचं?"

"तुझं तुलेच समजते बाप्पा." चंद्रकलाबाईंनी तिच्या हाताकडे बघितलं. "अन् इळा नीट धर. एवढ्या वरून कापून राहिली, तनीस काय तुझा कुलदीप देनार का बैलाले?"

हर्षा खाली वाकली. बुडातून कापू लागली. कापलेल्या धानाच्या कडपा मागे पडत होत्या. मन मात्र माडीवरच होतं. आज सकाळी लाल झाली असेल का? झाली असेल तर मजकूर पुरला असेल का? 'मथळा' हा शब्द कुलदीपला कळला असेल ना? पहिली ओळ दाखवली, पण दुसरीही दाखवायला हवी होती का? दोनदा तिला घरी पळावंसं वाटलं. दोनदा तिनं पुढची मूठ धरली. माणसाला विचारायला माणूस नसतो तेव्हाच त्या मजकुराची गरज असते. ती हजर असेपर्यंत तो खरा ठरणारच नव्हता.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं आधी हातपाय धुतले. मग वर गेली. फोन उचलला. एकही मिस्ड कॉल नव्हता.

तिचा चेहरा पडला. लाल झालीच नसेल, किंवा भूषण सरांनी चाचणी काढून टाकली असेल. तिनं लॅपटॉप उघडला.

चाचणी जागेवर होती. सकाळी लाल झाली होती. तुमसरकडच्या एका केंद्राची शीट. वजन बरोबर, पण कट्टे एक जास्त. पहिला फरक पहिल्याच ओळीत. क्रमांकाच्या खान्यात लिहिलं आहे 'अनुक्रमांक', वजनाच्या खान्यात 'किलो'. प्रोग्रामनं ही ओळ कट्टा म्हणून मोजली.

म्हणजे सानगडीचा लाभ वाचवताना कुलदीपनं खरा मथळाही कट्ट्यात धरला होता. आणि ते त्याला दिसलं होतं. खाली त्याची दुरुस्ती होती. शेजारच्या खान्यात वजनाचा आकडा असेल तरच ओळ मोजायची. चाचणीनं दिलेला अंक टाकून त्यानं त्याच शीटा पुन्हा चालवल्या होत्या. हिरवं. मग सगळ्या केंद्रांच्या सगळ्या शीटा चालवल्या होत्या. तेही हिरवं. कुणाला काही न विचारता.

दुरुस्तीखाली भूषणनं एकच ओळ लिहिली होती. टेस्ट ठेवायची. सगळ्या.

कुलदीपचा निरोप वेगळा होता. "चहा प्यायलोच नाही आज. लाल दिसली, वाचली, सुधरवली, मग आठवण आली. आता ऐक. ती शेतकऱ्यांच्या नोंदणीवाली टेस्ट आहे ना तुझी, तीपण मुकीच आहे. मागच्या महिन्यात तिनं मला लय रडवलं. तिला कधी बोलवते?"

हर्षानं तो दोनदा वाचला. खालून चंद्रकलाबाईंनी जेवायला हाक मारली. "आली," म्हणून तिनं ओ दिली. मग नोंदणीची चाचणी उघडली. लाल झाल्यावर ती काय म्हणते ते बघितलं. हवं होतं खरं, मिळालं खोटं.

तिनं ती ओळ खोडली आणि विचार करू लागली, इथं उभ्या राहिलेल्या माणसाला आधी काय विचारावंसं वाटेल.